बर्गन फिरताना: आधी आकाश बघा, मग बेत ठरवा

बर्गनला पहिल्यांदा येणारे बरेच जण घरूनच वेळापत्रक आखून आणतात. सोमवारी डोंगर, मंगळवारी फ्योर्ड (उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी), बुधवारी संग्रहालय. मग सोमवारी डोंगरावर ढग उतरलेले असतात आणि बुधवारी लख्ख ऊन पडलेलं असताना मंडळी संग्रहालयाच्या तळघरात असतात. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या शहरात असा बेत टिकत नाही.

बर्गनला वर्षाला साधारण सव्वादोन मीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळपास मुंबईइतका. फक्त मुंबईचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि इथला बारा महिने पुरवून पुरवून पडतो. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पावसाचे. अटलांटिकवरून आलेले ओले वारे शहराभोवतीच्या डोंगरांना धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि पाणी इथेच सोडून जातात. ज्या सात डोंगरांमुळे हे शहर इतकं देखणं आहे, त्यांच्यामुळेच ते ओलंही आहे. म्हणून माझा सल्ला असा: बघायच्या गोष्टींची यादी करा, पण त्यांना वार लावू नका. यादीचे दोन भाग पाडा, उघडिपीचा आणि पावसाचा. रोज सकाळी खिडकीबाहेर बघा, मग त्या दिवशी कुठला भाग उघडायचा ते ठरवा. यासाठी बर्गनला किमान तीन पूर्ण दिवस द्या. एका दिवसात हे शहर पाहता येतं, पण मग हवा जे दाखवील तेवढंच.

निघण्यापूर्वी

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे; त्यामुळे व्हिसा शेंगेनचा आणि चलन मात्र नॉर्वेजियन क्रोन. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं अवघड जातं, तेव्हा लवकर हालचाल करा. भारतातून थेट विमान नाही. ॲमस्टरडॅम, फ्रँकफर्ट, कोपनहेगन किंवा ऑस्लो असं कुठेतरी बदलावं लागतं.

कधी यावं? एप्रिल ते जून हा वर्षातला त्यातल्या त्यात कोरडा काळ, आणि मे महिना आपल्याकडच्या शाळांच्या सुट्टीशी जुळतो. तेव्हा झाडांना नवी पालवी असते, गर्दी बेताची असते, मात्र उंचावरच्या वाटांवर बर्फ शिल्लक असू शकतो. जून-जुलैत रात्री अकरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे सकाळ पावसात गेली तरी संध्याकाळी सातनंतरही डोंगर चढता येतो. सप्टेंबरपासून पुढे पाऊस वाढतो. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. तेव्हा फक्त बर्गन पाहायला म्हणून येऊ नका. मेच्या अखेरीस १९५३ पासून इथे आंतरराष्ट्रीय कला महोत्सव भरतो. त्या सुमारास यायचं असेल तर हॉटेल खूप आधी ठरवा.

सामानात छत्री नको. इथे वारा आडवा येतो आणि छत्री उलटी होते. टोपीचा चांगला रेनकोट, पावसाळी पँट, पाणी आत न घेणारे बूट आणि लोकरीचा एक पातळ थर एवढं पुरेसं आहे. बुटांवर मात्र पैसे वाचवू नका. ओल्या मोज्यांनी दिवसभर फिरताना कुठलंच शहर सुंदर दिसत नाही.

विमानतळावरून शहरात

विमानतळाच्या इमारतीलगतच बीबानेन या ट्रामचं स्टेशन आहे. २०१० मध्ये सुरू झालेली ही ट्राम २०१७ मध्ये विमानतळापर्यंत पोहोचली. शेवटचा थांबा बीपार्कन, शहराच्या मध्यावर. पाऊण तास लागतो. विमानतळाची वेगळी बस थोडी लवकर पोहोचवते, पण भाडं कितीतरी जास्त. घाई नसेल तर ट्रामच घ्या, वाटेत शहराची ओळखही होते.

तिकीट चढण्यापूर्वी घ्यायचं. थांब्यावर यंत्र असतं, नाहीतर इथल्या वाहतूक संस्थेचं, शिसचं, ॲप उतरवून घ्या (शोधताना स्पेलिंग एस-के-वाय-एस-एस असं टाका). दाराशी कुणी तिकीट विचारत नाही, पण तपासनीस अधूनमधून येतात आणि दंड जबर असतो. एकच तिकीट ठरावीक वेळेपर्यंत बस आणि ट्राम दोन्हींना चालतं. दोन-तीन संग्रहालयं पाहायचा विचार असेल तर बर्गन कार्डचा हिशेब करून बघा. चोवीस तासांपासून पुढे वेगवेगळ्या मुदतींचं हे कार्ड मिळतं. त्यात ट्राम आणि बस फुकट, आणि बऱ्याच ठिकाणी प्रवेश फुकट किंवा सवलतीत. नुसते डोंगरच चढायचे असतील तर ते वसूल होत नाही.

नोटा बदलून आणायची जवळजवळ गरज नाही. अगदी कॉफीचे पैसेही कार्डाने देतात.

पहिली संध्याकाळ: बंदराला एक फेरी

पहिल्या दिवशी काही 'उरकायचं' ठरवू नका. वोगन नावाची चिंचोळी खाडी शहरात घुसली आहे, तिच्या काठाकाठाने चाला. मासळीबाजाराच्या चौकापासून सुरुवात करा, उजव्या काठाने ब्रिगनच्या लाकडी घरांसमोरून किल्ल्यापर्यंत जा आणि परत या. रमतगमत तासभर लागतो. एवढ्यात शहराची रचना डोक्यात बसते: समोर पाणी, पाठीमागे फ्लॉयन डोंगर, दूर आग्नेयेला मनोरा डोक्यावर घेतलेला उल्रिकन. नंतर कुठेही वाट चुकलात तरी उतार धरून खाली आलात की बहुतेक पाण्याशीच पोहोचता.

टोकाला असलेल्या बर्गनहूस किल्ल्यात होकोन राजाने तेराव्या शतकात बांधलेला दगडी दरबार आहे. एप्रिल १९४४ मध्ये जर्मन ताब्यातल्या बंदरात स्फोटकांनी भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, त्यात याचं छप्पर गेलं आणि शेजारचा रोसेनक्रान्त्स बुरूजही ढासळला. आज दिसतो तो युद्धानंतर उभा केलेला दरबार. आवाराला तिकीट नाही, त्यामुळे संध्याकाळी शहरातली माणसंही इथल्या गवतावर येऊन बसलेली असतात.

उघडीप मिळाली की: डोंगर

सकाळी उठल्यावर डोंगराचा माथा स्पष्ट दिसत असेल तर न्याहारी आवरा आणि निघा. 'दुपारी जाऊ' म्हणाल तर दुपारी तो माथा तिथे दिसेलच असं नाही. हवामानासाठी इथे सगळे यर हे नॉर्वेच्या हवामान संस्थेचं ॲप पाहतात. त्यातला तासातासाचा अंदाज बघा, दिवसाचं एकच चित्र बघू नका. ढगाचं चित्र असलेल्या दिवसातही तीन-चार कोरडे तास सापडतात, आणि बर्गनचे लोक तेवढ्यावरच आपले बेत करतात.

पहिला डोंगर फ्लॉयन. मासळीबाजारापासून दोन-तीन मिनिटांवर फ्लॉइबानेन या फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढल्या जाणाऱ्या, रेल्वेचं खालचं स्टेशन आहे. १९१८ पासून ती चालू आहे आणि पाच-सहा मिनिटांत ३२० मीटर उंचीवर नेऊन सोडते. क्रूझ जहाजं लागलेली असतील तर सकाळी दहा ते दुपारी तीन इथे लांबच लांब रांग असते. नऊच्या आत जा, नाहीतर संध्याकाळी जेवून जा. आणि तिकीट एकाच बाजूचं, वर जाण्याचं काढा. उतरायची नागमोडी वाट झाडीतून थेट जुन्या वस्तीत येते, पाऊण तास पुरतो, आणि लाकडी घरांच्या छपरांवरून दिसणारं बंदर या वाटेवर जेवढं जवळून दिसतं तेवढं वरच्या सज्ज्यातूनही दिसत नाही.

वर पोहोचल्यावर बहुतेक लोक फोटो काढून परत फिरतात. तुम्ही मात्र मागच्या जंगलात दहा मिनिटं चालत जा. स्कोमाकरदिकेट नावाचं छोटं तळं लागतं, काठाला बाकं आहेत, गर्दीचा आवाज तिथपर्यंत येत नाही. मुलं बरोबर असतील तर उन्हाळ्यात मोकळ्या चरणाऱ्या काश्मिरी शेळ्या त्यांना शोधू द्या. त्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे असतात.

दुसरा डोंगर उल्रिकन, ६४३ मीटर, सातांमध्ये सगळ्यात उंच. पायथ्यापासून केबल कार जाते. हाउकेलान रुग्णालयाच्या थांब्यापर्यंत ट्राम किंवा बस, पुढे थोडं चालणं. वारा वाढला की केबल कार बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी ती चालू आहे ना ते बघा. गुडघे साथ देत असतील तर शेजारून दगडी पायऱ्यांची वाट आहे. नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचलेल्या या तेराशेहून जास्त पायऱ्या आहेत. दगड असा बसवला आहे की ओल्यातही पाय सरकत नाही. कामावरून सुटून घरी जाण्याआधी एकदा वर जाऊन येणारी माणसं इथे रोज दिसतात.

ज्यांना डोंगराची खरी ओढ आहे त्यांनी उल्रिकनवरून फ्लॉयनपर्यंतची विद्दन ही पठारावरची वाट करावी. माझ्या मते बर्गनमध्ये हिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. अंतर तेरा ते पंधरा किलोमीटर, पाच-सहा तास हाताशी ठेवा. सुरुवात उल्रिकनकडून करा, म्हणजे चढ केबल कारवर सोपवता येतो. झाडं मागे पडतात, मग नुसता खडक, दलदलीचे तुकडे, लहान लहान तळी आणि पश्चिमेला बेटांमागे उघडा समुद्र. वाट दाखवायला दगडांचे ढीग रचलेले असतात. एका ढिगावरून पुढचा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. सह्याद्रीत नेहमी ट्रेक करणाऱ्यांना हे अंतर जड जाणार नाही, पण इथे वारा आणि धुकं अर्ध्या तासात चढतं आणि जुलैतसुद्धा बोटं गारठतात. नॉर्वेच्या डोंगर-नियमांत एक नियमच आहे की वेळेत माघारी फिरावं, त्यात लाज नाही. अन्न, पाणी, जादा लोकर आणि पूर्ण चार्ज केलेला फोन घेतल्याशिवाय निघू नका. मेमध्ये आधी बर्फाची चौकशी करा. हिवाळ्यात अनुभवी सोबत्याशिवाय ही वाट नकोच.

पाऊस लागला की: ब्रिगन आणि छपराखालचं शहर

ब्रिगन पावसात पाहावं असं मला मनापासून वाटतं. समोरची रंगीत घरं सगळ्यांनी चित्रांत पाहिलेली असतात. खरं ब्रिगन त्या घरांच्या मधल्या बोळांत आहे. आत शिरलात की दोन्ही बाजूंना झुकलेल्या लाकडी भिंती, पायाखाली फळ्या, वरच्या मजल्यांना जोडणाऱ्या लाकडी गॅलऱ्या, आणि छपरावरून ओघळणारं पाणी फळ्यांवर टपटपताना ऐकू येतं. भिंतीला हात लावून बघा, फळ्यांच्या कडा शतकांच्या वापराने गोल झाल्या आहेत. एका घरावर एकशिंगी घोड्याची लाकडी मूर्ती आहे. वर बघत चाला, नाहीतर ती निसटते.

सुमारे १३६० पासून उत्तर जर्मनीच्या हान्सा या व्यापारी संघाच्या व्यापाऱ्यांची पेढी इथे होती. त्यांचा मुख्य माल म्हणजे उत्तरेच्या लोफोटेन बेटांवरून येणारा वाळवलेला कॉड मासा. आपल्या किनाऱ्यावर वलांड्यांवर बोंबील सुकतात, तसाच हा कॉड शेपट्या बांधून लाकडी मांडवांवर, मीठ न लावता, नुसत्या गार वाऱ्यावर सुकवतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. उपवासाच्या दिवशी मांस न खाणाऱ्या कॅथलिक युरोपला तो हवा होता आणि नॉर्वेला धान्य हवं होतं. या देवघेवीवर हे शहर वाढलं. घरं सगळी लाकडाची असल्याने आत चूल पेटवायला बंदी होती. ऐन हिवाळ्यातही पोरसवदा शिकाऊ मुलं बिनआगीच्या खोल्यांत राहत. ऊब आणि गरम जेवण मिळायचं ते मागच्या बाजूच्या सामायिक दालनांत, शॉट्स्टुएनेमध्ये. ती दालनं आज पाहता येतात, जरूर पाहा.

एवढी काळजी घेऊनही आग लागायचीच. १७०२ च्या आगीत जवळजवळ सगळं जळालं; आज दिसतात ती घरं त्यानंतर जुन्याच आखणीवर बांधलेली. १९५५ मध्ये पुन्हा आग लागली आणि काही भाग गेला. पण त्या जळालेल्या जागेखाली उत्खनन झालं आणि मध्ययुगीन बर्गन वर आलं. रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीत कोरलेल्या साडेसहाशेच्या वर काठ्या आणि तुकडे सापडले. त्यात मालाच्या मालकाच्या नावाच्या चिठ्ठ्या आहेत, प्रार्थना आहेत, आणि एका काठीवर एवढंच कोरलंय: गीडा म्हणते, तू घरी जा. कुठल्या गुत्त्यात बसलेल्या नवऱ्याला हा निरोप गेला असेल, की आणखी कुणाला, कोण जाणे. ब्रिगन संग्रहालय याच उत्खननाच्या जागेवर उभं आहे आणि जुन्या शहराचे अवशेष जागच्या जागी दाखवतं. १९७९ मध्ये ब्रिगन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

रेल्वे स्टेशनपासून जवळच सेंट यॉर्गन हे जुनं कुष्ठरुग्णालय आहे, आता संग्रहालय. प्रवासी कंपन्यांच्या सहलीत ते क्वचितच असतं, पण मराठी माणसाने ते चुकवू नये. एकोणिसाव्या शतकात पश्चिम नॉर्वेत कुष्ठरोग खूप पसरला होता आणि बर्गन त्याच्या अभ्यासाचं केंद्र झालं. इथेच १८७३ मध्ये गेरहार्ड आरमाउर हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू दाखवून दिला. कुष्ठरोग म्हणजे रक्तातला दोष, घराण्याचा शाप, हा समज इथून मोडायला लागला. ज्या शास्त्राच्या आधारावर पुढे अमरावतीचं तपोवन आणि बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं, त्याची पहिली वीट या लहानशा शहरात ठेवली गेली. इमारत अठराव्या शतकातली, लाकडी. मधे एक मोठं दालन, भोवती दोन्ही मजल्यांवर ओळीने खोल्या, एवढ्या अरुंद की दोन खाटा मावल्या की चालायला जागा उरत नाही. शेजारी त्यांचं चर्च. इथले शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये वारले. संग्रहालय उन्हाळ्याच्या हंगामातच उघडतं, त्यामुळे वेळ बघून जा, आणि घाईत जाऊ नका.

वाटेतच कॅथेड्रल लागतं. त्याच्या भिंतीत तोफेचा गोळा रुतलेला आहे. १६६५ मध्ये पूर्वेकडून मसाले आणि मौल्यवान माल घेऊन परतणारी डच जहाजं या बंदरात आसऱ्याला आली होती, त्यांच्यावर इंग्रजांनी हल्ला केला, तेव्हाचा.

दुपारही ओलीच असेल तर लिल्ले लुंगेगोर्सवान तळ्याच्या काठी कोडे कला संग्रहालयाच्या इमारती आहेत. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याची चित्रं निवांत पाहायची असतील तर ऑस्लोपेक्षा इथे गर्दी कमी. संगीताची आवड असेल तर ट्रामने हॉप थांब्यापर्यंत जा आणि वीसेक मिनिटं चालून ट्रोलहाउगनला पोहोचा. संगीतकार एडवर्ड ग्रीग यांचं हे १८८५ पासूनचं घर. तळ्याच्या काठी त्यांची एकट्याने बसून रचना करायची खोपटी आहे, आणि कड्यातच त्यांची व पत्नी नीना यांची समाधी. उन्हाळ्यात दुपारी छोट्या मैफली होतात, त्यांचं तिकीट आधी काढा.

फ्योर्डचा दिवस

याचं तिकीट मात्र तारीख लावूनच घ्यावं लागतं. त्याची चिंता करू नका. फ्योर्ड पावसात उलट जास्त जिवंत असतात, कड्याकड्यावरून धबधबे सुटलेले असतात.

अर्धा दिवस असेल तर बंदरातूनच सुटणारी मोस्ट्राउमनची बोट घ्या. साडेतीन तासांत अरुंद फ्योर्डात जाऊन परत. पूर्ण दिवस असेल तर बर्गनहून रेल्वेने व्हॉसमार्गे मिर्दाल, तिथून फ्लोमची उताराची रेल्वे, फ्लोमहून बोटीने नॅरॉयफ्योर्डातून गुडवांगन, पुढे बसने व्हॉस आणि रेल्वेने परत. फ्लोमची रेल्वे वीस किलोमीटरमध्ये साडेआठशे मीटरहून जास्त उतरते. नॅरॉयफ्योर्ड काही ठिकाणी अडीचशे मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. बोटीत आतल्या खुर्चीवर बसून राहू नका. दिवस दहा-बारा तासांचा होतो. ही फेरी एकत्र पॅकेजमध्ये विकतात, पण प्रत्येक टप्प्याचं तिकीट वेगळं काढलं तर कधी स्वस्त पडतं. वेळा जुळवण्याची जबाबदारी मग तुमची. वृद्ध आईवडील बरोबर असतील तर पॅकेजच घ्या.

पोटापाण्याचं

एक क्रोन म्हणजे साधारण आठ-नऊ रुपये, आणि साधी कॉफी पन्नास क्रोनच्या आसपास. त्यामुळे एक वेळ बाहेर आणि बाकी वेळा रेमा, किवी, कोप अशा दुकानांतून आणून खाणं हाच मार्ग. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर खर्च निम्म्यावर येतो. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळीच सामान भरून ठेवा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर अनामत असते. दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की पैसे परत.

मासळीबाजारात ताटातलं खाणं पर्यटकांच्या भावाने मिळतं. तिथे भटका, पण खायचं तर मलईदार मच्छी सूप घ्या, थंडीत त्याच्याइतकं काही बरं वाटत नाही. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं की दुकानांत डाळी, चणे, भाज्या, ब्रेड, चीज सगळं मिळतं. अडचण फक्त रेस्टॉरंटची असते. सगळ्यांसाठी एक गोष्ट: स्किलिंग्सबोल्ले, दालचिनी घातलेला मोठा गोल बन, ही बर्गनची खासियत. सकाळी ताजा, गरम घ्या.

निघताना

ऑस्लोला जायचं असेल तर विमान घेऊ नका. १९०९ मध्ये पूर्ण झालेली बर्गन रेल्वे साडेसहा-सात तास घेते आणि १२२२ मीटरवरच्या फिन्से स्टेशनवरून जाते, जिथे जूनमध्येही बर्फ असतो. गाडी दिवसाची पकडा, रात्रीची नको. तिकीट महिना-दोन महिने आधी काढलं तर भाडं बरंच कमी पडतं. आणि शेवटच्या सकाळी ऊन पडलंच, तर सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका; तिथून फ्लॉइबानेन पायी पंधरा मिनिटांवर आहे.